ओल्ड स्कूल रूनस्केप: नवख्याच्या कष्टाला इथे भाव मिळतो का?

ऑनलाइन गेम बघताना मी ग्राफिक्सकडे फारसं लक्ष देत नाही. माझी कसोटी एकच आहे. आज अकाउंट उघडलेल्या माणसानं तासभर राबून जे मिळवलं, ते बाजारात कोण घेतं आणि काय भावानं? माझी नोकरी गोदामातल्या मालाच्या नोंदी ठेवण्याची, त्यामुळे नजर आपोआप तिकडे जात असेल. पण जिथे हजारो माणसं एकाच जगात वस्तू मिळवतात, बनवतात आणि विकतात, तिथे मला याहून महत्त्वाचा प्रश्न सुचत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केप मी बरीच वर्षं खेळतोय, सदस्यत्वाचे पैसे भरतोय आणि या गेमवर माझा जीव आहे. म्हणूनच त्याच्या बाजाराबद्दल आणि त्या बाजारात ठाण मांडून बसलेल्या बॉट्सबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीनं मूळ रूनस्केप २००१ साली आणला. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी जुनाच गेम परत मागितला. कंपनीनं मतदान घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली आवृत्ती वेगळा गेम म्हणून सुरू केली. तो हा ओल्ड स्कूल. दिसायला ओबडधोबड आणि ठोकळेबाज. पण इथली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी खेळाडूच्या हातून आलेली असते. मोठ्या लढाईत लागणारं प्रेअर पोशन नावाचं औषध घ्या. त्यात रॅनार नावाची वनस्पती पडते, स्नेप ग्रास पडतं. रॅनारचं बी कुणीतरी लढून किंवा चोरून आणलेलं असतं, दुसऱ्या कुणी ते वाफ्यात लावून वाढवलेलं असतं, तिसऱ्यानं पोशन तयार केलेलं असतं. लढणाऱ्याला शेती करणारा लागतो आणि शेती करणाऱ्याला लढणारा. कामांची इतकी घट्ट वीण मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडली नाही. निव्वळ गेम म्हणून मी याला पाचपैकी साडेचार देईन तो या विणीमुळेच.

बॉट घाला घालतो तो याच विणीवर.

बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्रॅम. जुने बॉट पडद्यावरचे रंग ओळखून क्लिक करायचे. नंतरचे बॉट गेमच्या क्लायंटमधली, म्हणजे खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गेमच्या प्रोग्रॅममधली, माहिती थेट वाचू लागले. झाड कुठे आहे, थैली भरली का, शेजारी कोण उभं आहे, सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं. चांगला लिहिलेला बॉट माउस मुद्दाम थोडा वाकडा फिरवतो, मधूनच थांबतो, काही तास लॉगआउटही होतो, म्हणजे तो माणूस वाटावा. हौशी माणूस स्वतःचं एखादं अकाउंट असं चालवतो. धंदेवाईक मात्र अशा अकाउंट्सची फौज उभी करतो आणि जमा झालेलं गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, गेमच्या बाहेर खऱ्या पैशाला विकतो. धंदेवाइकाचं गणित सोपं आहे. अकाउंट बॅन होण्याआधी त्यानं स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त कमावलं की झालं. त्यामुळे बॅन ही त्याच्या लेखी शिक्षा नसते, खर्चाच्या वहीतली एक ओळ असते.

या गेमचा इतिहाससुद्धा बॉट आणि गोल्ड विक्रेत्यांनीच घडवला आहे, असं मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो. २००७ च्या अखेरीस चोरलेल्या कार्डांवर सदस्यत्व घ्यायचं, गोल्ड गोळा करायचं आणि विकायचं, हा प्रकार इतका वाढला की कंपनीनं टोकाचा उपाय केला. डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेस नावाच्या भागातली खेळाडूंची आपापसातली लढाई बंद झाली आणि जानेवारी २००८ मध्ये मुक्त देवाणघेवाणही गेली. एका खेळाडूनं दुसऱ्याला काही दिलं तर दोन्ही बाजूंच्या मालाच्या किमतीतला फरक ठरावीक मर्यादेत राहिला पाहिजे, असा नियम आला. गोल्ड विकणारे अडकले हे खरं, पण मित्राला भेट देणंही अडकलं. लढाईत जिंकलेला माल मिळेना, उसनं देता येईना. माणसं चिडून निघून गेली. शेवटी सार्वमत झालं, दहा लाखांहून जास्त मतं पडली, बहुसंख्यांनी मुक्त व्यापार परत मागितला आणि १ फेब्रुवारी २०११ ला तो परत आला. त्याच्या पाठोपाठ बॉटही परतले. इतके, की त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला कंपनीला मोठी मोहीम काढावी लागली. एका दिवसात सुमारे १५ लाख अकाउंट बॅन झाली. एका गेममधून, एका दिवसात. तो आकडा वाचला तेव्हा त्यातली किती 'माणसं' माझ्या शेजारी उभी राहून झाडं तोडत होती, हाच विचार मनात आला.

आता ओल्ड स्कूलची तारीख पुन्हा बघा. ऑगस्ट २००७, म्हणजे व्यापारबंदीच्या काही महिने आधीचं जग. त्यातला मुक्त व्यापार खेळाडूंना हवा होता, तो मिळाला. पण मुक्त व्यापार आणि बॉट हे जोडीनंच येतात. हे ओझं ओल्ड स्कूल पहिल्या दिवसापासून वाहतोय.

गेल्या सुट्टीत भाच्याला मी हा गेम दाखवला. मोफत अकाउंट उघडलं, थोडी लेव्हल वाढल्यावर तो ड्रेनॉरच्या बँकेजवळ विलोची झाडं तोडायला गेला. जागा जुनीच, मोफत खेळणाऱ्यांची आवडती. त्याच्या आजूबाजूला चार-पाच अकाउंट होती. सगळ्यांची नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी, सगळ्यांच्या अंगावर सुरुवातीला मिळतात तेच कपडे, सगळ्यांची बँकेत जायची वाट अगदी एकच. भाच्यानं हाय लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. "मामा, हे लोक बोलत का नाहीत?" मी म्हटलं, "अरे, ते लोक नाहीत." तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग मी कशाला तोडतोय?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. कारण बाजाराच्या दृष्टीनं त्याचं म्हणणं बरोबर होतं. ज्या कामाला कौशल्य कमी आणि वेळ जास्त लागतो, तिथेच बॉट सगळ्यात आधी पोचतो. नवख्याच्या हातात नेमकी तीच कामं असतात: लाकूड, खनिज, मासे, कातडी. वेळ ही नवख्याची एकमेव पुंजी आणि बॉटकडे वेळ अमाप. मुरलेला खेळाडू अवघड बॉसशी, म्हणजे गेममधल्या बलाढ्य शत्रूशी, लढून कमावतो, तिथपर्यंत साधा बॉट लवकर पोचत नाही. पोचतोच, झुलराहसारख्या बॉसवरही बॉट लागले होते, पण तो लिहायला कठीण आणि सांभाळायला महाग. म्हणजे बॉट्सचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, तो खालच्या पायरीवर पडतो. गेममध्ये मुरलेल्या लोकांशी बोलताना हे मला वारंवार जाणवतं. "बॉट आहेत म्हणून तर सामान स्वस्त मिळतं," असं ते सहज म्हणतात. त्यांच्यापुरतं खरंच आहे ते. मोठी बॅनची लाट आली की कच्च्या मालाचे भाव चढतात आणि तक्रार करणाऱ्यांत हेच पुढे असतात. पण त्यांना जे स्वस्त मिळतं ते कुणाच्या तरी पहिल्या कमाईच्या बदल्यात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

भाव पडण्याबरोबर दुसरंही एक घडतं, उलट्या दिशेनं. या गेममध्ये हाय अल्केमी नावाचा मंत्र आहे. वस्तूवर तो टाकला की वस्तू नाहीशी होते आणि तिच्या ठरलेल्या किमतीची नाणी हातात येतात. यू झाडाच्या लाकडाचा लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, असा मोडला की ७६८ नाणी मिळतात, मग जगात लाँगबो कितीही पडून असोत. माझ्या गोदामात नको असलेला माल धूळ खात पडतो आणि पुढची ऑर्डर आपोआप कमी होते. इथे जास्तीचा माल पडून राहत नाही, त्याची नाणी होतात. ही नाणी कुठल्या खेळाडूच्या खिशातून आलेली नसतात, नव्यानंच तयार होतात. शेकडो बॉट रात्रंदिवस यू तोडतायत, त्याचे धनुष्य होतायत आणि धनुष्यांची नाणी होतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. लाकडाचा भाव दबून राहतो आणि जगातली एकूण नाणी वाढत जातात. नाणी वाढली की ज्या वस्तू दुर्मिळ आहेत, ज्या बॉट सहज काढू शकत नाही, त्या महागतात. नवखा विकतो ते स्वस्त आणि त्याला हवं असतं ते महाग. दोन्ही बाजूंनी तोच भरडला जातो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं बॉंडमध्ये. बॉंड ही कंपनीनं मार्च २०१५ मध्ये आणलेली सोय. एका खेळाडूनं खरे पैसे देऊन बॉंड घ्यायचा, गेममधल्या बाजारात नाण्यांना विकायचा, आणि ज्यानं तो नाणी मोजून घेतला त्याला १४ दिवसांचं सदस्यत्व मिळायचं. कल्पना चांगली होती. ज्याला गोल्ड विकतच घ्यायचं आहे त्यानं चोरबाजारात न जाता सरळ मार्गानं घ्यावं आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानं कष्टानं सदस्यत्व मिळवावं. सुरुवातीला बॉंड काही दशलक्ष नाण्यांना मिळायचा. आता त्याचा भाव एक कोटीच्या वर गेलेला आहे. नवख्यानं लाकूड विकून एवढं जमवावं कसं? शिवाय बॉटचा मालकही हाच बॉंड नाण्यांनी घेतो आणि आपली फौज फक्त सदस्यांसाठी असलेल्या जगात नेतो. त्यानं वापरलेला प्रत्येक बॉंड आधी कुणीतरी खऱ्या पैशानं घेतलेला असतो, म्हणजे त्या सदस्यत्वाचे पैसे कंपनीला पोचलेले असतात. कंपनी यासाठी बॉट पोसते असं मी म्हणणार नाही. दररोज बॅन होतात, त्यावर माणसं नेमलेली आहेत आणि गेम मेला तर कंपनीचंच नुकसान आहे. पण ज्या व्यवस्थेत बॉटचा हप्ताही जमेच्या बाजूला पडतो, तिच्याकडे खेळाडूंनी डोळे उघडे ठेवून बघायला हवं, एवढं नक्की.

नव्या मोफत अकाउंटवर बंधनं आहेत, तीही याच भांडणातून आलेली. खेळून २० तास, एकूण १०० लेव्हल आणि १० क्वेस्ट पॉइंट (गेममधल्या मोहिमा पूर्ण केल्याचे गुण) होईपर्यंत दुसऱ्या खेळाडूशी थेट देवाणघेवाण करता येत नाही आणि काही कच्चा माल ग्रँड एक्सचेंजवर, म्हणजे गेममधल्या मध्यवर्ती बाजारात, विकता येत नाही. बॉटसाठी लावलेलं हे कुलूप आहे. बॉटला घाई नसते, तो २० तास निमूट काढतो. अडकून पडतो तो माणूस, ज्याला मित्रानं जुनी तलवार द्यायची म्हटलं तरी घेता येत नाही. याआधीचा रँडम इव्हेंटचा प्रकार असाच होता. काम करता करता अचानक कुणीतरी पात्र समोर यायचं, कोडं घालायचं, दुसऱ्याच जागी उचलून न्यायचं, म्हणजे यंत्र गोंधळावं. यंत्रांनी कोडी सोडवायला शिकून घेतलं आणि वैतागली माणसं. आता ओल्ड स्कूलमध्ये ती पात्रं सरळ घालवून देता येतात.

बाजाराचं मोजता तरी येतं. माणसांमध्ये जे तुटतं ते मला जास्त लागतं. ओल्ड स्कूलमध्ये ग्रँड एक्सचेंज फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. त्याआधी विकायचं तर वॅरॉक शहरातल्या बँकेसमोर उभं राहून ओरडावं लागायचं, घासाघीस करावी लागायची. कटकट होती, पण तिथेच ओळखी व्हायच्या, आमच्या क्लॅनमधले, म्हणजे खेळाडूंच्या गटातले, निम्मे लोक तसेच भेटलेले. आज एक्सचेंजच्या चौकात उभं राहिलं की पैसे दुप्पट करून देण्याच्या जाहिराती आणि गोल्डच्या साइट्सची नावं यांचा मारा सुरू असतो, तोही यंत्रांकडूनच. लोक सार्वजनिक चॅट बंद करून ठेवतात. मग खऱ्या माणसाचं बोलणंही कुणाला दिसत नाही. जो गप्प राहून खेळतो त्याला बॉट समजून रिपोर्ट केलं जातं. आमच्या क्लॅनमधल्या एका ताईंना टायपिंग अवघड जातं, त्या उत्तर देईपर्यंत समोरच्यानं "बॉट" म्हणून शिवी दिलेली असते. प्रत्येक अनोळखी माणसाकडे आधी संशयानं बघायची ही सवय बॉट्सनी लावली आहे आणि ती बॅनच्या लाटेनं जात नाही.

या संशयाचं सगळ्यात कुरूप रूप व्हेनेझुएलाच्या खेळाडूंच्या वाट्याला आलं. तिथलं चलन कोसळलं तेव्हा अनेकांनी हा गेम तासन्‌तास खेळून, हिरवे ड्रॅगन मारून, गोल्ड विकून घर चालवलं. नियमानं ते चूकच होतं, गोल्ड विकणं निषिद्ध आहे. पण ती माणसं होती, स्वतःच्या हातानं क्लिक करणारी. २०१७ मध्ये त्यांना गेममध्ये शोधून कसं मारायचं याची मार्गदर्शिकाच एका खेळाडूनं लिहिली आणि पुष्कळांनी ती मजेत पसरवली. स्पॅनिश बोलणारा कुणीही दिसला की हल्ला. बाजार बिघडवणाऱ्या यंत्रांवरचा राग गरजेपोटी राबणाऱ्या माणसांवर काढला गेला. माझ्या मते या समुदायाच्या इतिहासात याहून लाजिरवाणं पान नाही.

हा रोग काही एकट्या रूनस्केपचा नव्हे. काउंटर-स्ट्राइकमध्ये पेट्या उघडण्याच्या किल्ल्यांचा व्यापार ऑक्टोबर २०१९ मध्ये तो गेम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला थांबवावा लागला, कारण विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फसवणुकीच्या पैशातून आल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. लॉस्ट आर्कमध्ये पाश्चात्त्य सर्व्हर सुरू झाल्यावर महिन्याभरातच, मार्च २०२२ मध्ये, दहा लाखांहून जास्त बॉट अकाउंट बॅन झाली. त्या मानानं ओल्ड स्कूलचे चालक निदान बाजाराचा विचार करतात.

त्याचं श्रेय द्यायलाच हवं. डिसेंबर २०२१ पासून ग्रँड एक्सचेंजवरच्या विक्रीवर एक टक्का कर लागला, नंतर तो दोन टक्के झाला. अगदी स्वस्त वस्तूंना तो लागत नाही, म्हणजे नवख्याला फटका नाही. या कराची काही नाणी नष्ट होतात आणि काहींनी बाजारातल्या वस्तू विकत घेऊन त्या कायमच्या काढून टाकल्या जातात. नाणी आणि माल दोन्ही कमी करणारा हा उपाय मला आजवरचा सगळ्यात शहाणा वाटतो. २०२२ मध्ये ड्युएल अरेना बंद केलं, तेही योग्य झालं. तिथे जुगार चालायचा आणि जुगारासाठी विकतचं गोल्ड लागायचं. गोल्डला गिऱ्हाईकच नसेल तर बॉट कोण चालवेल? आणि जून २०२३ मध्ये आलेलं फॉरेस्ट्री. आता एकाच झाडावर अनेकांनी मिळून तोडलं तर प्रत्येकाला थोडा फायदा होतो, पूर्वीसारखं झाडावरून भांडण होत नाही. फॉरेस्ट्रीच्या जागी मी पुन्हा लोकांना गप्पा मारताना पाहिलंय, माणसांना एकत्र राहण्याचं कारण मिळाल्यावर ती बोलतात.

तरीही बाजाराला माझे पाचपैकी दोनच. भाच्याच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत मी जास्त देऊ शकत नाही.

मग नव्यानं सुरू करावं का? हो, पण आयर्नमॅन म्हणून. ऑक्टोबर २०१४ पासून असलेल्या या प्रकारात दुसऱ्या कुणाकडून काहीही घेता येत नाही, सगळं स्वतः मिळवायचं. बॉटनं भाव पाडले काय नि चढवले काय, तुम्हाला फरक पडत नाही. तुम्ही तोडलेलं लाकूड तुमच्याच धनुष्याला लागतं. रॅनारचं एक रोप हाती आलं तरी आनंद होतो, कारण ते विकत मिळणार नसतं. गमावतो काय, तर ती वीण, जिच्यासाठी मी या गेमला साडेचार दिले. इतके खेळाडू बाजार सोडून आयर्नमॅनकडे वळतायत, हे माझ्या मते बाजाराविरुद्धचंच मत आहे.

दोन ते पाच जण असाल तर ग्रुप आयर्नमॅन घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला हा प्रकार मला सगळ्यात जास्त पटतो. गटातल्या गटात देवाणघेवाण चालते, बाहेर नाही. एकानं मासे आणायचे, एकानं शेती सांभाळायची, एकानं लढायचं, आणि समोरचा नक्की माणूस आहे हे ठाऊक असतं. भाच्यानं मोफत अकाउंट सोडून दिलं होतं. तो, मी आणि त्याचे दोन मित्र असा आता आमचा गट आहे. लाकूड आणायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलंय. सदस्यत्व सुरुवातीला एक महिन्याचंच घ्या आणि गोल्ड बाहेरून कुणाकडूनही, कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. आमच्या क्लॅनमधल्या एकानं घेतलं, त्याचं बरंच जुनं अकाउंट गेलं. त्यानं मोजलेले पैसे मात्र बॉटवाल्याकडेच राहिले आणि तेवढ्या पैशांत नवी अकाउंट उभी राहिली असतील.